मजुरी वगळून: नागपुरातल्या विक्रीकराचा जुना वाद

नागपुरात स्वतःचे घर बांधायला काढले की ठेकेदार पहिला प्रश्न विचारतो: काम लेबर रेटने द्यायचे की मटेरियलसकट? लेबर रेटने दिले तर सिमेंट, सळई, रेती, विटा मालकाने आणायच्या आणि मिस्त्री, बेलदार, रेजा यांच्या कामाचे पैसे चौरस फुटाच्या हिशेबाने ठेकेदाराला मोजायचे. मटेरियलसकट दिले तर सगळा भार त्याच्या अंगावर. 1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या वस्तू आणि सेवा कराने (जीएसटीने) या एकाच कामाला दोन वेगळे न्याय लावले आहेत. स्वतंत्र, एकट्या घराच्या नव्या बांधकामाचा निव्वळ मजुरीचा ठेका असेल तर कर माफ. त्याच नोंदणीकृत ठेकेदाराने सिमेंट आणि सळई आपल्या खात्यातून पुरवली, तर मजुरीसकट पूर्ण बिलावर 18 टक्के. भिंत तीच आणि ती उभारणारे हातही तेच, पण सिमेंटची पावती कोणाच्या नावाने फाटली यावर मजुरीला कर लागणार की नाही हे ठरते.

मजुराच्या घामावर कर नको अशी काहीतरी कणव या सवलतीमागे असावी, असे कोणालाही वाटेल. विक्रीकर मालावर असावा, श्रमावर नसावा, हे वाक्य तर आपल्याकडे न्यायाच्या तत्त्वासारखे उच्चारले जाते. पण या तत्त्वाचा जन्मदाखला शोधायला गेले तर तो नैतिकतेच्या दप्तरात सापडत नाही. तो सापडतो दिल्ली आणि प्रांत यांच्यातल्या उत्पन्नाच्या वाटणीत, आणि त्या वाटणीची पहिली मोठी झुंज नागपूरच्या सरकारने केलेल्या कायद्यावर झाली. तो इतिहास नीट वाचला तर मजुरीला मिळालेल्या करमाफीचा लाभ मजुराला फारसा झालेला दिसत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ग्राहक विकत घेतो त्या श्रमावर आणि सेवेवर मालासारखाच कर असावा. सूट द्यायचीच तर ती कमाई पाहून द्यावी, कामाची जात पाहून नव्हे.

कसबावर कर ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात महसुलाचे दोन मोठे भाग होते: काळीचा, म्हणजे शेतजमिनीचा सारा, आणि पांढरीचा, म्हणजे वस्तीत राहणाऱ्या बिगरशेतकरी लोकांवरचा कर. रेसिडेंट सर रिचर्ड जेन्किन्स यांनी 1827 साली नागपूर राज्याविषयी जो विस्तृत अहवाल लिहिला, त्यात ही व्यवस्था नोंदलेली आहे. देशावर मोहतर्फा नावाने जे चाले, त्याचाच हा वऱ्हाड-नागपूरकडचा भाऊबंद. माग, घाणा, भट्टी, दुकान अशी डोळ्यांना दिसणारी खूण धरायची आणि त्यावर पट्टी बसवायची, ही या करांची रीत. मागावर वर्षभर लुगडी निघाली की तो चार महिने रिकामा पडला, याचा हिशेब पट्टी करत नसे. 1854 साली राज्य खालसा झाले तरी पांढरी टिकली. 1861 साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि 1867 साली तिच्यासाठी वेगळा कायदाही झाला. 1886 पासून देशभर प्राप्तिकर होता, तरी मध्य प्रांतात कमी कमाईच्या कारागिरांमागे पांढरीचा ससेमिरा राहिलाच. अखेर 1902 साली ती रद्द झाली. मजुरीवरच्या कराला आपल्याकडे जी बदनामी चिकटली आहे ती या पट्टीच्या काळाची आहे आणि ती रास्तही आहे. फक्त एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. पांढरी काम करणाऱ्याकडून घेतली जाई, मग त्याचे काम कोणी विकत घेवो वा न घेवो. सेवेवरचा आजचा कर काम विकत घेणाऱ्याने द्यायचा असतो. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढणे हा इतिहासाचा आळशी वापर झाला.

यानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी नागपूर पुन्हा कराच्या नकाशावर आले. 1935 च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली आणि करांच्या याद्या वाटून दिल्या. उत्पादन शुल्क बहुतेक मालापुरते केंद्राकडे गेले, ‘मालाच्या विक्रीवरील कर’ प्रांतांकडे आले. 1937 साली प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. त्यांना दारूबंदी करायची होती आणि प्रांतांच्या तिजोरीत सारा आणि दारूचे उत्पन्न हेच दोन मोठे झरे होते. एक झरा स्वतःच्या हाताने बुजवायचा तर नवा खणणे भाग होते. नागपुरातून कारभार करणाऱ्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या सरकारने 1938 साली पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर 5 टक्के कर लावणारा कायदा केला. पंप मोजके, विकणारे मोजके, विकत घेणारे मोटारवाले: वसुलीला याहून सोपा माल नव्हता. केंद्र सरकारने हरकत घेतली की, हे वेष पालटलेले उत्पादन शुल्कच आहे आणि ते घेण्याचा अधिकार आमचा. गव्हर्नर जनरलने प्रश्न नव्या फेडरल कोर्टाकडे पाठवला. सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर या तिघा न्यायाधीशांनी डिसेंबर 1938 मध्ये प्रांताच्या बाजूने अभिप्राय दिला. त्या न्यायालयाचा हा पहिलाच निवाडा. विक्रीकर नावाचा जो वृक्ष पुढे प्रत्येक राज्यात फोफावला, त्याचे रोप कायद्याच्या कसोटीवर टिकले ते नागपूरच्या पेट्रोलवर.

या वादात दोन्ही बाजू मालाविषयीच बोलत होत्या. सेवांवरच्या सर्वसाधारण कराचे नाव केंद्राच्या यादीत नव्हते, प्रांतांच्याही नव्हते. ते वगळताना कोणी श्रमाचा विचार केला होता, असे मानायला आधार नाही. उलट जिथे प्रांतांना अधिकार होता, तिथे त्यांनी सेवेवर बेधडक कर लावला. सिनेमा, नाटक, सर्कस यांवरचा करमणूक कर याच मध्य प्रांतात 1936 साली कायद्याने आला होता. पडद्यावरची सावली पाहण्यात कोणता माल हस्तांतरित होतो? पण यादीत ‘करमणूक’ शब्द होता, म्हणून कर होता. शिंप्याच्या शिलाईचा किंवा गवंड्याच्या मजुरीचा शब्द यादीत नव्हता, म्हणून त्यांवर नव्हता. विक्रीकर आणि श्रम यांच्यामधली रेघ अशी आपोआप, कोणाच्याही लक्षात न येता पडली.

ती लक्षात आली 1947 साली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाने त्या वर्षी सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला आणि बांधकामाच्या ठेक्यातल्या मालालाही त्याच्या कक्षेत ओढले. कायद्याने ‘विक्री’च्या व्याख्येत ठेका पुरा करताना होणारे मालाचे हस्तांतर घातले. इमारत, रस्ता, पूल बांधणे वा दुरुस्त करणे, यंत्रे बसवणे, हे सारे ‘ठेका’ या शब्दात आले. मग किंमत कशी धरायची? तर ठेक्याच्या एकूण रकमेतून मजुरीचे नेहमीचे प्रमाण वजा करायचे आणि ते प्रमाण सरकारने नियमाने ठरवायचे. मला ही तरतूद त्या काळाच्या मानाने प्रामाणिक वाटते. सरकारने मजुरीला हात लावला नाही. एवढेच म्हटले की, भिंतीत गेलेली वीट ही विकलेली वीटच आहे, तिचा कर चुकवता येणार नाही. अडचण होती ती वीट आणि मजुरी एकदा चुन्यात मिसळल्यावर त्यांना पुन्हा वेगळे करण्याची. नियमातली टक्केवारी हा त्यावरचा अंदाजपंचे उपाय होता, आणि अशाच उपायावर पुढची सत्तर वर्षे कज्जे चालले.

पहिला मोठा कज्जा लष्कर आणि सार्वजनिक बांधकाम खात्याची कामे घेणाऱ्या ठेकेदारांनी केला: पंडित बनारसीदास भनोत विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची, म्हणजे नाव बदललेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाची, राजधानी होती आणि 1936 साली स्थापन झालेले नागपूर उच्च न्यायालय भरात होते. मद्रास उच्च न्यायालयाने गॅनन डंकर्ली कंपनीच्या प्रकरणात म्हटले होते की, इमारतीचा ठेका हा एक आणि अखंड करार आहे, त्यात मालाची वेगळी विक्री नसते. नागपूरने ते मानले नाही आणि ठेक्यातल्या मालावर कर लावण्याचा विधिमंडळाचा अधिकार मान्य केला. राजस्थान, म्हैसूर आणि केरळच्या न्यायालयांचा कल नागपूरकडे होता, हैदराबाद मद्रासकडे गेले. 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रासचे म्हणणे उचलून धरले. ‘मालाची विक्री’ या शब्दांचा अर्थ 1930 च्या माल विक्री कायद्यातलाच घ्यायचा, असे ठरले. घर बांधून घेणारा माणूस घर विकत घेतो, विटा विकत घेत नाही, म्हणून राज्यांना ठेक्यावर विक्रीकर लावता येणार नाही. भनोत प्रकरणातली नागपूरची तरतूदही याच निकालाने तेवढ्यापुरती कोसळली. तोवर नागपूरचे उच्च न्यायालय राहिले नव्हते. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपुरात मुंबईचे खंडपीठ उरले.

त्याच 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. तो या वादात फारसा उद्धृत होत नाही, पण माझ्या मते सगळा उलगडा त्यात आहे. मिठनलाल विरुद्ध दिल्ली राज्य. दिल्लीत बंगालचा विक्रीकर कायदा संसदेच्या अधिकाराने लागू केलेला होता आणि त्यातही ठेक्यातल्या मालावर कर होता. ठेकेदारांनी गॅनन डंकर्लीचा दाखला दिला. न्यायालयाने तो नाकारला. राज्यांच्या यादीत बसत नसलेला कर उर्वरित अधिकाराखाली संसदेला लावता येतो, म्हणून दिल्लीतला कर वैध. म्हणजे विटांची तीच भिंत दिल्लीत कराला पात्र आणि नागपुरात अपात्र. ठेक्यातले श्रम करापासून सोवळे राहावेत असे काही तत्त्व घटनेत असते, तर ते दिल्लीच्या गवंड्यालाही लागू पडले असते. प्रश्न कर घ्यावा की नाही असा नव्हता, कोणत्या सरकारने घ्यावा असा होता.

पुढच्या पंचवीस वर्षांत या रेघेवर मजेशीर कसरती झाल्या. 1977 साली मध्य प्रदेशातल्या एका छायाचित्रकाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, गिऱ्हाइकाचा फोटो काढून देणे म्हणजे कागद विकणे नव्हे, ते कसबाचे काम आहे. 1978 साली नॉर्दर्न इंडिया केटरर्स प्रकरणात हॉटेलात बसून खाल्लेले जेवणसुद्धा मालाची विक्री ठरले नाही, ती सेवा ठरली. ताटातली भाजी सेवा आणि तीच पुडक्यात बांधून नेली की माल, असा हा शास्त्रार्थ. राज्यांचा महसूल गळू लागला, तेव्हा संसदेने 1982 साली सेहेचाळीसावी घटनादुरुस्ती करून ठेक्यातला माल, हॉटेलातले अन्न, भाडेखरेदी यांना ‘मानीव विक्री’ ठरवले. नागपूरने 1947 साली जे म्हटले होते, तेच पस्तीस वर्षांनी घटनेत गेले. मजुरी मात्र बाहेरच राहिली, आणि ती किती धरायची हे सर्वोच्च न्यायालयाने 1992 साली दुसऱ्या गॅनन डंकर्ली खटल्यात सविस्तर सांगितले. मजुरांचे पगार, पोटठेकेदाराला दिलेली मजुरी, नकाशे आणि नियोजनाची फी, यंत्रांचे भाडे, कामात संपणारे पाणी, वीज आणि इंधन वजा करायचे. त्याबरोबर ठेकेदाराचा आस्थापना खर्च आणि त्याचा नफासुद्धा, मजुरी आणि सेवेशी संबंधित असेल तेवढा, वजा करायचा.

ही यादी मी मुद्दाम पुरी दिली. मजुरीवर कर नको, या घोषणेखाली प्रत्यक्षात काय करमुक्त झाले ते त्यात दिसते. रेजाच्या रोजंदारीवर विक्रीकर कधी नव्हताच, आजही नाही. नोकराने मालकाला दिलेली सेवा जीएसटीच्या कायद्यातही कराबाहेर आहे. करमुक्त झाला तो मजुरीवरचा ठेकेदाराचा नफा, यंत्राचे भाडे आणि अभियंत्याची फी. महाराष्ट्राच्या 2005 च्या मूल्यवर्धित करात ज्यांचे हिशेब धड नाहीत अशा बांधकाम ठेकेदारांना मजुरीपोटी सरसकट 30 टक्के वजावट मिळे. ती वजावट मिळाली म्हणून ठिय्यावर उभ्या असलेल्या बेलदाराचा रोज वाढतो, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का? त्याचा रोज ठिय्यावर किती माणसे उभी आहेत यावर ठरतो. बिलाचा मजुरीचा कप्पा फुगवायचा आणि मालाचा आक्रसायचा, ही हिशेबनिसांची कला मात्र या काळात वाढीला लागली. दरम्यान केंद्राने 1 जुलै 1994 पासून टेलिफोन, शेअर दलाल आणि सर्वसाधारण विमा या तीन सेवांवर 5 टक्क्यांनी सेवाकर सुरू केला आणि 2007 साली बांधकाम ठेक्यांपर्यंत तो पोहोचवला. एका भिंतीतल्या विटा मुंबईच्या सरकारच्या, मजुरी दिल्लीच्या सरकारची, अशी वाटणी झाली. दोघांनी आपापला हिस्सा थोडा थोडा फुगवून धरला की एकाच रुपयावर दोनदा कर, असेही होऊ लागले. 2017 चा जीएसटी हा या दृष्टीने 1938 साली उघडलेल्या वादाचा समझोता आहे. त्याच्या कायद्यात बांधकामाचा ठेका ही सरळ सेवा मानली आहे आणि कराचे पैसे दोन सरकारे वाटून घेतात.

आता हरकतींकडे येतो. पहिली हरकत घरबांधणीची: मजुरीवर कर घेतला तर सामान्य माणसाचे घर महागेल. हिशेब मांडून पाहू. समजा घराला 14 लाखांचा माल आणि ठेकेदाराच्या नफ्यासह 6 लाखांची मजुरी लागते, आणि सोयीसाठी सगळ्या मालावर 18 टक्के कर धरला. मालक स्वतः माल आणत असेल तर तो मालावर 2 लाख 52 हजार कर देतो, मजुरीवर काही नाही. मटेरियलसकट काम दिले तर 20 लाखांवर 3 लाख 60 हजार. त्यातून ठेकेदाराला मालावरच्या कराची वजावट मिळते, म्हणजे खरा फरक 1 लाख 8 हजारांचा. ही सूट कोणाला मिळते? ज्याच्याकडे स्वतःचा प्लॉट आहे आणि दुकानोदुकानी हिंडून माल आणण्याची ऐपत व सवड आहे, अशा स्वतंत्र घरवाल्याला. बेसा-मनीषनगरकडे बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेणारा नोकरदार मात्र पूर्ण किमतीवर 5 टक्के, किंवा परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर 1 टक्का कर देतो आणि त्या किमतीत मजुरी आलेलीच असते. शिवाय 2019 पासून बिल्डरला मालावरच्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तोही बोजा दरात उतरतो. घर स्वस्त करायचे असेल तर फ्लॅटवाल्याला आणि बंगलेवाल्याला एकच माप लावावे. गरिबाच्या घरकुलासाठी अनुदानाची वाट मोकळी आहेच. मजुरीच्या ठेक्याला सरसकट दिलेली माफी घरकुल आणि हवेली यांत भेद करत नाही.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे आणि ती नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरच्या वर्ध्यातून येते. मगनवाडीत 1934 नंतर ग्रामोद्योग संघाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा हे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्ताचा अभ्यास करून आले होते. तो विचार मानणारा माणूस विचारील: हातांना काम देणारा धंदा आणि यंत्राने माणसे कमी करणारा धंदा यांना एकच कर कसा? श्रमाला सूट दिली तर हातमाग, शिलाई, दुरुस्ती टिकतील. युक्तिवाद खरा आहे, पण माफी हे साधन त्याला पुरत नाही. कराची साखळी असताना मधल्या कडीला माफी दिली की तिने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट बुडते आणि तो कर तिच्या किमतीत दडून बसतो. खाजगी रुग्णालयाचे उदाहरण घ्या. आरोग्यसेवा बहुतांशी करमुक्त आहे. पण हिंगण्याच्या वा बुटीबोरीच्या कारखान्यासारखेच रुग्णालयही एजन्सीकडून सुरक्षारक्षक घेते, तेव्हा समजा 15 हजारांच्या बिलावर 2,700 रुपये कर येतो. कारखाना ते वळते करून घेतो. रुग्णालयाला ते परत मिळत नाहीत आणि शेवटी रोग्याच्या बिलात जातात. युरोपातही 1999 पासून काही देशांनी केशकर्तन, चप्पल-सायकल दुरुस्ती, घरांची डागडुजी अशा श्रमप्रधान सेवांवरचा कर प्रयोग म्हणून घटवून पाहिला. युरोपीय आयोगाने 2003 साली आढावा घेतला, तेव्हा त्यातून रोजगार वाढल्याचा ठाम पुरावा मिळाला नाही. फ्रान्सने 2009 साली उपाहारगृहांचा दर 19.6 वरून 5.5 टक्क्यांवर आणला. पदार्थांचे भाव त्या मानाने किरकोळच उतरले. हाताच्या कामाला बळ द्यायचे तर पैसा सरळ हातापर्यंत जावा लागतो, बिलावरच्या टक्केवारीतून तो वाटेत अडतो.

तिसरी हरकत लहान कारागिराची, आणि इथे सध्याच्या कायद्याचीच चूक आहे असे मला वाटते. इतवारीच्या सराफ्यातल्या कारागिराने गिऱ्हाइकाच्या सोन्याचा दागिना घडवून दिला तर घडणावळीवर 5 टक्के कर आहे. सोन्यावर 3 आणि कारागिरीवर 5, हा क्रम चटकन उलटा वाटतो. पण त्याची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीच करावी लागत नाही. माल विकणाऱ्याला हीच मर्यादा 40 लाख आहे. सेवेला कमी मर्यादा का, असे विचारले जाते. त्याला उत्तर आहे: किराणा दुकानदाराच्या 40 लाखांतले बहुतेक पैसे घाऊक व्यापाऱ्याकडे जातात, तर घडणावळीच्या 20 लाखांतले बहुतेक कारागिराच्या घरात राहतात. हे उत्तर मला पटते. पटत नाही ते मटेरियलसकट काम घेणाऱ्या छोट्या ठेकेदाराचे. त्याच्या बिलात दोन-तृतीयांश सिमेंट आणि सळई असते, तरी ठेका ही सेवा ठरवल्याने त्याला 20 लाखांची मर्यादा लागते. वर्षाला एक बऱ्यापैकी घर बांधले की तो नोंदणीच्या जाळ्यात. 50 लाखांपर्यंत 6 टक्क्यांनी सुटसुटीत कर भरायची योजना 2019 पासून आहे, पण तीत मालावरच्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे माल जास्त तितका तोटा जास्त. 1947 च्या कायद्याला जी गोष्ट ठाऊक होती, की ठेक्याच्या रकमेत माल आणि मजुरी दोन्ही असतात, ती मर्यादा ठरवताना 2017 चा कायदा विसरला.

राहिली भावनेची हरकत, की श्रमावर कर घेणे मुळातच गैर. महाराष्ट्राने तो कधीच घेतलेला आहे. 1975 साली व्यवसाय कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभारायला. नोकरदार, वकील, डॉक्टर यांच्या कमाईतून वर्षाला ठरावीक रक्कम (आज कमाल 2,500 रुपये) घ्यायची आणि दुष्काळात खडी फोडणाऱ्याला काम द्यायचे, असा तो व्यवहार होता. 1996 च्या कायद्याने बांधकामाच्या एकूण खर्चावर 1 टक्का उपकर आणला. या खर्चात मजुरीही येते आणि तो पैसा बांधकाम मजुरांच्या कल्याण मंडळाकडे जातो. श्रमाच्या किमतीवरचा कर श्रमिकाच्या कामी येऊ शकतो, याचे हे दोन दाखले आपल्या घरातलेच आहेत. त्या मंडळांचा पैसा वेळेवर मजुरापर्यंत पोहोचतो का, हा वेगळा आणि संतापजनक विषय आहे. पण तो कर रद्द करण्याचे कारण होऊ शकत नाही, नीट खर्चायला लावण्याचे होऊ शकते.

म्हणून जीएसटी परिषदेत महाराष्ट्राने दोन गोष्टी एकत्र मांडाव्यात. स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला असलेली सरसकट माफी काढावी आणि त्याच दिवशी मटेरियलसकट काम घेणाऱ्या ठेकेदाराची नोंदणी मर्यादा माल विकणाऱ्यासारखी 40 लाख करावी. लेबर रेटने एखाददुसरे घर बांधणारा मिस्त्री 20 लाखांच्या मर्यादेने कराबाहेर राहीलच. कर लागेल तो एका वेळी दहा-दहा कामे घेणाऱ्या मोठ्या लेबर ठेकेदाराला, आणि त्याला तो लागायलाच हवा.